नळीतले तांदूळ

माझं नाव संघपाल. वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे माझं गॅरेज आहे. नवीन गाड्या मी घेत नाही. कॉम्प्युटर लावून आजार शोधायचा आणि अख्खा भाग फेकून दुसरा बसवायचा, याला कोणी दुरुस्ती म्हणत असेल तर म्हणो बापडा. माझ्याकडे फौजेतून लिलावात निघालेल्या जीपा येतात, चाळीस-पन्नास वर्षांच्या, आणि मी त्यांच्यातलं पाणी थांबवतो. इंजिन काय, कोणीही बांधून देतो. पण भर पावसात जीपमध्ये बसलेल्या माणसाचा पाय कोरडा ठेवणं नागपुरात दोघा-तिघांनाच जमतं, आणि त्यातला एक मी, असं आत्ताआत्तापर्यंत लोक म्हणत होते.

पाणी येतं कुठून, ते आधी सांगतो. बॉनेट जिथे संपतं तिथे, समोरच्या काचेखाली, एक लोखंडी जाळी असते. आत वारा यावा म्हणून. वाऱ्याबरोबर पाणीही येतं. ते जाळीखालच्या पत्र्याच्या पन्हाळीत जमतं आणि तिथून डावीकडे एक, उजवीकडे एक अशा दोन रबरी नळ्यांतून गाडीखाली जमिनीवर पडतं. नळी अंगठ्याएवढी जाड. वर्षांनुवर्षांत रबर कडक होतं, तडकतं, क्लिप सैल पडते आणि जमिनीवर पडायचं पाणी बसणाऱ्याच्या पायावर पडतं. नळी बदलली की प्रश्न मिटला. काम एका सकाळचं आहे, पण डॅशबोर्डच्या मागे कोपरापर्यंत हात घालावा लागतो आणि दिसत काहीच नाही, सगळं बोटांनी चाचपून. माझ्या दोन्ही हातांवर त्या कामाचे ओरखडे आहेत.

शरच्चंद्र साहेबांची जीप माझ्याकडे अकरा वर्षं येत होती. साहेब सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आणि त्यांनी कामठीच्या एका माणसाकडून फौजेची ही जीप घेतली. घर नंदनवनला. भोसल्यांच्या काळात त्यांचं घराणं इकडे आलं, हे ते दर भेटीत एकदा तरी सांगत. माणूस वाईट नाही. मला कधी ‘अरे-तुरे’ केलं नाही, फोन ठेवताना ‘बरं का संघपाल’ म्हणायचे. जुन्या जीपवाल्यांचा एक क्लब आहे, त्याचा मोबाइलवर गट आहे, चाळीसेक लोकांचा. साहेब त्या गटातले वडीलधारे. त्यांनीच मला त्या गटात घेतलं, आणि माझ्या गॅरेजातलं निम्मं काम त्या गटातून येत होतं.

दरवर्षी मेच्या शेवटी साहेब जीप माझ्याकडे सोडत. मी दोन्ही नळ्या काढायचो, नव्या बसवायचो, क्लिपा आवळायचो, जाळीवर मगभर पाणी ओतायचो आणि खाली वाकून बघायचो. दोन्हीकडून धार सुटली की मी स्वतः जीप चालवत नंदनवनला जायचो. तिथे पोर्चमध्ये साहेबांच्या मिसेस, प्रेमलताकाकू, ताट घेऊन उभ्याच असत. त्यांच्या घरचा रिवाज होता, की दवाखान्यातून दुखणं काढून परत आलेल्या माणसाला दारात ओवाळायचं. जीपलाही त्या तोच मान देत. गॅरेजातून आली म्हणजे दुखण्यातून उठून आली.

आणि काकूंचं हळदीकुंकू जात असे थेट त्या जाळीवर. ‘हे तिचं कपाळ आहे,’ असं त्यांनी मला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. कुंकवावर अक्षता, त्याही चिमूटभर नाही, चांगल्या मूठभर. हात आखडून पूजा करणाऱ्या बाई नव्हत्या त्या. मग झेंडूच्या पाकळ्या. मग गडव्यातलं थोडं पाणी, आणि शेवटी माझ्या हातावर पेढा. मी चावी घेऊन बाजूला उभा असायचो आणि तांदळाचे दाणे जाळीतून खाली जाताना बघायचो. पोर्चमध्ये जागा डावीकडेच होती, म्हणून काकू डावीकडे उभ्या राहत आणि सगळं डाव्या बाजूला पडे, मी दोन तासांपूर्वी बसवलेल्या नळीच्या तोंडावर. आता हे तांदूळ फुगणार, पाकळ्या सडणार, त्यात धूळ मिसळणार आणि ऑगस्टपर्यंत नळीला बूच बसणार, हे मला उभ्या जागी दिसत होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. काकू, जाळीवर नको, बॉनेटवर ठेवा. मी ते अकरा वर्षं बोललो नाही.

कारण सांगतो. साहेबांची जीप यायला लागली त्याच्या आधीच्या वर्षी भैय्याजी नावाचे एक गिऱ्हाईक होते, गोदामांचे मालक, त्यांच्या तीन जीपा माझ्याकडे. त्यांच्या जाळीत झेंडू सापडला तेव्हा मी साधेपणानं म्हणालो, की भैय्याजी, फुलं जाळीत टाकत नका जाऊ, नळी तुंबते. पाच-सहा माणसं उभी होती. भैय्याजींनी माझ्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, ‘आता पूजा कशी करायची हे बी तुमच्याकडूनच शिकायचं काय?’ बाकीचेही हसले. तिन्ही जीपा आठवडाभरात गेल्या, आणि त्यांच्यामागे आणखी दोन. मी रबराबद्दल बोललो होतो, त्यांनी धर्माबद्दल ऐकलं. तेव्हापासून मी ठरवलं, की कोणाच्या ताटाबद्दल, फुलाबद्दल, नारळाबद्दल आपण तोंड उघडायचं नाही.

मग ऑगस्टमध्ये साहेबांचा फोन यायचा, ‘संघपाल, हिच्या पायावर पुन्हा पाणी येऊन राहिलं.’ मी जायचो, डावी नळी सोडवायचो, आतलं काळं बूच फडक्यात गुंडाळून खिशात टाकायचो आणि म्हणायचो, ‘रबर खराब निघालं साहेब.’ बिचारं रबर. अकरा वर्षांत त्या रबरानं माझ्यासाठी जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या कोणी खाल्ल्या नसतील. पाचव्या वर्षी मी एक युक्ती केली, जाळीखाली पितळेची बारीक जाळी बसवली, तांदूळ अडतील अशी. साहेबांनी ती काढायला लावली. मूळ गाडीत नसलेली वस्तू दिसली की क्लबच्या स्पर्धेत गुण कापतात. मी काढली. का बसवली होती, ते तेव्हाही सांगितलं नाही.

पाणी थांबलं तरी मॅटखाली फेल्टचा, दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा, जाड थर असतो. तो एकदा भिजला की वरून कोरडा दिसतो आणि खालून पत्र्याला महिनोन् महिने ओला बिलगून राहतो. तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा फ्लोअर असाच गेला होता. तो कापून नवा पत्रा बसवला रुपरावभाऊंनी. रुपरावभाऊ माझ्या गॅरेजला लागून डेंटिंगचं काम करतात. वय त्रेसष्ट. पत्रा ठोकताना तोंडानं हिशेब केल्यासारखं पुटपुटतात आणि वेल्डिंगची रेघ अशी ओढतात, की रंग दिल्यावर जोड शोधून सापडत नाही. दुपारी आम्ही दोघं डबा एकत्र उघडतो. तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, ‘पाणी येते कुठून गा?’ आणि मी म्हणालो होतो, ‘नळ्या बदलतो मी, तुम्ही काळजी नका करू.’ त्यांनी काळजी केली नाही. मीही पुढच्या तीन वर्षांत एकदाही मॅट उचलून पाहिली नाही, कारण खाली काय दिसेल याची मला भीती वाटत होती.

यंदा ऑगस्टचा फोन यायच्या आधीच, भाद्रपदात साहेब आणि काकू नात्यात महालक्ष्म्यांच्या जेवणाला निघाले. काकूंनी रेशमी लुगडं नेसलं होतं. त्यांनी डावा पाय जीपमध्ये ठेवला, अंगाचा भार टाकला, आणि फ्लोअरच खाली गेला. पाय गुडघ्यापर्यंत पत्र्यातून आरपार. घोटा मोडला आणि गंजलेल्या कडेनं नडगी फाडली, चौदा टाके. त्यांना शुगर. नऊ दिवस दवाखान्यात राहून घरी आल्या तरी जखम भरून येत नव्हती, आणि डॉक्टर दर दोन दिवसांनी पट्टी सोडून नुसतेच बघत होते, असं साहेब म्हणाले.

काकू दवाखान्यात असतानाच साहेबांनी त्या भोकाचा फोटो गटावर टाकला होता. खाली लिहिलं, ‘तीन वर्षांपूर्वी रुपराव डेंटर यांनी नवा म्हणून लावलेला पत्रा. माझी पत्नी आज दवाखान्यात आहे. सर्वांनी सावध राहावे.’ मग काय विचारता. एकजण म्हणाला, भंगारातला पत्रा असणार. दुसरा म्हणाला, मी आजच माझी गाडी काढून घेतो. चाळीस लोकांत एकालाही असं वाटलं नाही, की रुपरावांना विचारावं. आणि त्या चाळिसांत एक मी होतो. मी वाचलं आणि फोन खिशात ठेवला.

जीप दुसऱ्या गाडीमागे टोचन लावून माझ्याचकडे आली. मी डावी नळी उभी चिरली. आत बोटभर लांबीचं घट्ट बूच होतं, काळं, आणि मधोमध फोडल्यावर तांदळाचे दाणे तसेच दाणे दिसत होते, काहींवर हळद अजून पिवळी. मग मॅट उचलली. पत्रा राहिलाच नव्हता, नुसता तपकिरी पापुद्रा. पण कडेला, जिथे पाणी पोचलं नव्हतं तिथे, रुपरावभाऊंच्या वेल्डिंगची रेघ आणि तीन बोटं रुंद पत्रा शाबूत होता, जाड, स्वच्छ. त्यावर मी नख मारून पाहिलं. नवाच होता तो पत्रा. मला ते पाहायची गरजही नव्हती, माझ्यासमोरच कापला होता.

त्याच दुपारी रुपरावभाऊ आले. डबा आणला नव्हता.

‘संघपाल, तो पत्रा तुह्यासमोर कापला होता ना गा मी?’

‘हो भाऊ.’

‘नवीन होता ना? अठरा गेजचा?’

‘नवीनच होता.’

‘मंग तू सांग ना त्यायले. माह्यं कोणी ऐकून नाही राहिलं. तुह्यं ऐकतीन ते.’ ते माझ्या स्टुलावर बसले. ‘तीन वर्षांत असा पत्रा जातच नाही गा. खाली तळं साचलं असंन तं गोष्ट येगळी. पण नळ्या तं तू दरसाल बदलून राहिला.’

माझ्यावर संशयसुद्धा घेत नव्हता तो माणूस. चिरलेली नळी माझ्या मागच्या बाकावर पडली होती, आणि मी अंग थोडं सरकवून ती झाकली. हे मी केलं, ते लिहिताना आजही मला माझी किळस येते.

‘पाहतो भाऊ,’ मी म्हणालो.

‘पाह्य बाप्पा. परवा गटातल्या एकानं त्याची जीप नेली. दरवाजे काढले होते मी, तसेच मांडीवर ठेवून नेले त्यायनं. आज दुसरी नेली. तीस वर्षं झाले मले या लाइनीत, माह्या पत्र्याले कोणी बोट नाही लावलं.’

ते उठून गेले. पलीकडून ठोकण्याचा आवाज संध्याकाळपर्यंत आला नाही, कारण ठोकायला गाडीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी बायकोला, मेघाला, मी सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते. तिच्यासमोर अर्धवट सांगून भागत नाही, उलटतपासणी होते. ती पोह्यांना फोडणी देत होती, तिनं गॅस बंद केला.

‘म्हणजे अकरा वर्षं तुम्ही त्या नळीत भात शिजू देला?’

‘तुले भैय्याजीचं माहीत आहे ना वं?’

‘भैय्याजी बोलला. काकू कुठं बोलल्या होत्या? एकानं अपमान केला, त्याची शिक्षा तुम्ही दुसऱ्याले देली, अन् भोगून राहिला तो रुपरावभाऊ तिसराच.’

‘त्या काय म्हणाल्या असत्या, तुले काय माहीत?’

‘नाही माहीत. तुम्हाले बी नाही माहीत. इचारलं का कधी?’

मी म्हणालो, की आता सांगितलं तर त्या बाईला काय वाटेल, पाय मोडून पडलेल्या माणसाला जाऊन सांगायचं, की तुमच्याच तांदळानं हे केलं? मेघा म्हणाली, ‘अन् रुपरावभाऊले काय वाटून राहिलं, ते मी सांगू का?’ मला तिचा फार राग आला. ती बरोबर होती म्हणून आला.

मी गॅरेजात जाऊन नळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि नंदनवनला गेलो. साहेब पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते. या दिवसांत खूप उतरलेले दिसले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात. मी वर्तमानपत्र त्यांच्यासमोर उघडलं आणि सांगितलं. पत्रा नवा होता. नळी तुंबली. नळी यानं तुंबली. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

साहेबांनी नळीला हात लावला नाही.

‘अकरा वर्षं तुम्ही मला सांगत होता, रबर खराब आहे,’ ते म्हणाले. ‘आज सांगता तांदूळ. यातलं खरं काय धरू मी?’

‘आजचं धरा साहेब.’

‘रुपराव तुमच्या बाजूला बसतो. त्याला वाचवायला तुम्हीच मूठभर तांदूळ कोंबून आणले नाहीत कशावरून?’

तोंडात शिवी आली होती. पण ती बाहेर पडायच्या आधीच माझ्या लक्षात आलं, की हा प्रश्न विचारायची सोय मीच त्यांना करून दिली आहे. अकरा वेळा खोटं बोललेल्या माणसाचं बाराव्यांदा खरं कोण मानतो? मी म्हणालो, ‘उजवी नळी जीपमध्येच आहे. ती काढा. ती साफ निघंल. काकू डावीकडे उभ्या राहतात.’

साहेबांचा चेहरा तेव्हा बदलला. त्यांनाही आठवलं असणार. खुर्चीतून पुढे वाकून ते अगदी हळू बोलले, ‘संघपाल, हे आत जाऊ देऊ नका. ती आधीच म्हणून राहिली, की माझ्याच हातून पूजेत काही राहिलं म्हणून असं झालं. पट्टी बदलताना रडत नाही, यासाठी रडते. तुम्ही जा. रुपरावचं मी पाहून घेतो, चार दिवसांनी लिहितो काहीतरी.’

चार दिवसांनी, काहीतरी. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. मी नळी गुंडाळायलाही लागलो होतो. एवढ्यात आतून काकूंचा आवाज आला.

‘संघपालभाऊंना आत पाठवा हो. पोर्चमधलं सगळं ऐकू येते इथे.’

काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. पाय दोन उशांवर, प्लास्टरला जखमेपुरती खिडकी कापलेली. खोलीत औषधाचा वास होता. त्यांनी हात पुढे केला आणि मी वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी बूच बोटांनी फोडलं, चार दाणे वेगळे काढले, तळहातावर घेतले आणि चष्म्याजवळ नेले.

‘माझेच आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘हळद लावलेले.’

साहेब दारात उभे होते.

‘काहून नाही सांगितलं?’ काकूंनी मला विचारलं.

मी भैय्याजींचं सांगितलं. फोटोकडे पाहून ते काय म्हणाले, लोक कसे हसले, जीपा कशा गेल्या, सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, मला तो आवरता आला नाही.

‘म्हणजे मीही त्यांच्यातलीच, असं तुम्ही धरलं.’

‘हो काकू.’

‘अकरा वर्षं माझ्या हातचा पेढा खाऊन?’

‘हो.’

मला वाटलं, आता त्या मला जा म्हणतील. मला लाज वाटत होती आणि त्या लाजेखाली थोडा रागही होता, की हे सगळं मलाच का सांभाळावं लागतं. काकू दाण्यांकडे बघत होत्या.

‘खोटं नाही बोलत,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर मला राग आला असता. हा माणूस मला पूजा शिकवून राहिला, असं मनात आलंच असतं. यांच्याजवळ बोललेही असते. पण तांदूळ मी बॉनेटवर ठेवले असते. रागानं ठेवले असते, पण ठेवले असते हो.’

माझे डोळे भरून आले. मी पुसले नाहीत, कारण हाताला नळीतला काळा मळ होता.

काकू साहेबांकडे वळल्या. ‘गटावर लिहा आता. रुपरावांचं नाव तुम्ही लिहून खराब केलं, लिहूनच साफ करा.’

‘लिहितो चार दिवसांनी.’

‘आत्ता.’

साहेब पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी मोबाइल काढला. काय लिहू, म्हणाले. मी उभ्या उभ्या सांगितलं, पत्रा नवा होता, नळी तुंबली, नळीचं काम माझं, मला कारण माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. हे सांगणं म्हणजे माझ्या गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढणं होतं, ते मला कळत होतं. साहेब भराभर लिहीत गेले. तेवढं लिहायला त्यांना जड गेलं नाही.

‘आणि तांदूळ माझे होते, तेही लिहा,’ काकू म्हणाल्या. ‘जाळीवर मी टाकत होते. म्हणजे बाकीच्या बायका टाकणार नाहीत.’

‘हो, लिहितो.’

साहेबांचं बोट थोडं थांबलं, मग चाललं. माझ्या खिशातला फोन वाजला. मी काढून पाहिला. ‘रुपराव डेंटर यांनी लावलेला पत्रा नवीनच होता. त्यांच्याविषयी लिहिलेले मी मागे घेतो. पाण्याची नळी तुंबल्याने पत्रा गंजला. नळीचे काम संघपाल यांचे. कारण माहीत असून त्यांनी सांगितले नाही.’ बस, एवढंच.

‘लिहिलं सगळं?’ काकूंनी विचारलं.

‘लिहिलं,’ साहेब म्हणाले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखली. मूग गिळून बसणाऱ्यांना ती ओळखता येते. खरं तर साहेबांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. रुपरावभाऊंचं नाव साफ झालं होतं. माझं जायचं ते गेलं होतं. राहिलेल्या एका ओळीनं कोणाचं पोट भरणार नव्हतं, उलट चाळीस लोकांत त्या बाईचं नाव निघणार, कोणी हसणार, कोणी म्हणणार की पाहा, त्यानं बाईवर ढकललं. गप्प राहायला या वेळी माझ्याकडे भैय्याजीपेक्षा किती तरी चांगलं कारण होतं.

‘संघपालभाऊ, तुम्हाला आलं असंल ना ते? वाचा बरं मोठ्यानं.’

मी वाचलं. पाचही वाक्यं, सावकाश. वाचून झाल्यावर काकू अजून काही येईल म्हणून थांबल्या.

‘झालं?’

‘झालं काकू,’ मी म्हणालो. ‘तांदळाचं नाही लिहिलं.’

साहेब उठून उभे राहिले. ‘जीप उद्या सकाळी मी दुसरीकडे नेतो,’ ते मला म्हणाले. ‘बरं साहेब,’ मी म्हणालो. ते पोर्चमध्ये निघून गेले आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

काकूंनी हातातले दाणे वर्तमानपत्रावर ठेवले, बोटं पदराला पुसली आणि माझ्यापुढे हात केला. ‘तुमचाच मोबाइल द्या. मी लिहिते. कुठं दाबायचं तेवढं दाखवा.’ मी गट उघडून दिला आणि कुठे लिहायचं ते दाखवलं. त्या चष्मा सारखा करून एकेक अक्षर शोधू लागल्या. पहिला ‘त’ सापडायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मी मध्ये न बोलता उभा राहिलो.